झिरी : दोन समुद्रांच्या सीमेवरचं गाव

भोपाळच्या कोलार रोडला नाव नदीचं आहे, पण रस्ताभर ती नदी कुठेच भेटत नाही. चुनाभट्टीजवळच्या कोलार गेस्ट हाउसपासून निघालं की सर्वधर्म, बीमाकुंज, मंदाकिनी, बंजारी, नयापुरा, गेहूंखेडा, बैरागढ चिचली, कजलीखेडा अशी नावं एकामागून एक मागे पडतात. गोल जोडपर्यंतचा हा साधारण 15 किलोमीटरचा पट्टा आता सहापदरी झाला आहे. नावांतले ‘खेडा’ आणि ‘पुरा’ तेवढे टिकलेत. खेडी इमारतींच्या पोटात गेली. वाटेत सर्वधर्मच्या पुलाखालून पाणी वाहतं, ते कलियासोत नदीचं. कोलार नदी पार पुढे, डोंगर ओलांडल्यावर, सिहोर जिल्ह्याच्या जंगलात लागते आणि तीही भोपाळकडे पाठ करून दक्षिणेला, नर्मदेकडे निघून जाते.

या दोन पाण्यांच्या मधल्या उंचवट्यावर, कोलार धरणाच्या वाटेवरून आत वळलं की, झिरी नावाचं गाव आहे. सरकारी कागदांत ‘झिरी बहेडा’. शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर, पण जिल्हा रायसेन. कारण भोपाळ, सिहोर आणि रायसेन या तिन्ही जिल्ह्यांच्या हद्दी या भागात एकमेकींत घुसलेल्या आहेत. भोपाळकर या गावाला ओळखतात ते बेतवा नदीच्या उगमामुळे. एक लहानसं कुंड, त्यात जमिनीतून पाझरून येणारं पाणी, शेजारी देवस्थान, आजूबाजूला सागाचं रान. विदिशा, ओरछा अशी ठिकाणं जिच्या काठी वसली आणि ‘मेघदूता’त कालिदासाने जिचा वेत्रवती म्हणून उल्लेख केला, ती नदी इथून निघते.

गंमत अशी की, जुन्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये बेतवाच्या उगमाचं गाव म्हणून कुमरीचं नाव आहे, तर काही सरकारी दस्तऐवजांत बरखेड्याचं. भांडण लावण्याचं कारण नाही. तिन्ही नावं एकाच डोंगराळ टापूतली आहेत, आणि नदी एका टापूतच जन्मते. हा टापू नीट समजून घेतला, तर कोलार रोडवरच्या फ्लॅटमध्ये नळाला येणारं पाणी आणि तिथल्याच मोरीतून बाहेर जाणारं पाणी यांचं नातं उलगडतं.

आढ्यावरचं गाव

कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस दोन पाखांवरून दोन वेगळ्या अंगणांत उतरतो. झिरीचा परिसर हे विंध्याचं आढं आहे. त्याच्या उत्तरेला पडलेलं पाणी बेतवात जातं. बेतवा भोजपूरजवळून विदिशेकडे, तिथून बुंदेलखंडात उतरते आणि सुमारे 590 किलोमीटरचा प्रवास करून हमीरपूरजवळ यमुनेला मिळते. पुढे गंगा, पुढे बंगालचा उपसागर. दक्षिणेच्या पाखावर पडलेलं पाणी कोलार नदीत जातं, ती नर्मदेला मिळते आणि नर्मदा खंबातच्या आखातात, म्हणजे अरबी समुद्रात. पावसाच्या एकाच सरीतले थेंब काही किलोमीटरांच्या फरकाने देशाच्या दोन टोकांना पोचतात.

मराठी वाचकाला हे दृश्य अनोळखी नाही. महाबळेश्वरच्या एकाच माथ्यावरून कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेला जातात, सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. फरक एवढाच की, सह्याद्रीचा जलविभाजक उभ्या कड्यावर आहे, डोळ्यांना दिसतो. इथे उत्तरेचा उतार इतका मंद आहे की माथा कधी आला नि कधी गेला, हे गाडीत बसलेल्याला कळतही नाही. दक्षिणेला मात्र विंध्य नर्मदेच्या खोऱ्यात भराभर उतरतो. त्यामुळेच या बाजूच्या ओढ्यांनी खोल घळी कोरल्या आहेत, आणि धरणाला लागते तशी अरुंद, उंच काठांची जागा दक्षिणेच्या बाजूला मिळाली.

पाणी दगडात कसं टिकतं

भोपाळला वर्षाला साधारण 1100 मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये झऱ्यात पाणी कुठून येतं? याचं उत्तर दगडात आणि मातीत आहे.

इथे दोन खडक एकमेकांना भेटतात. खालचा, फार जुना, तो विंध्याचा वालुकाश्म. जवळच्या भीमबेटकाच्या गुहा याच दगडातल्या. त्यावर ठिकठिकाणी पसरलेला आहे तो सह्याद्रीचा सख्खा भाऊ, दख्खनचा काळा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थिजलेला. महाराष्ट्राचा कातळ नर्मदा ओलांडून माळव्यात पोचतो आणि या भागात त्याची कड संपत येते. बसाल्ट झिजून झालेली काळी, चिकण माती ओल धरून ठेवते. पुण्यामुंबईच्या वाण्याकडे ‘सिहोर’ म्हणून चढ्या भावाने मिळणारा शरबती गहू याच मातीतला. सिहोर आणि विदिशा जिल्ह्यांच्या या गव्हाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

झऱ्यासाठी मात्र महत्त्वाचा वालुकाश्म. तो भेगाळलेला असतो. जंगलात पाऊस पडला की आधी पानांवर, मग खाली कुजलेल्या पाचोळ्यावर थांबतो. पाचोळा त्याचा वेग मोडतो, मुळांनी सैल केलेली माती त्याला आत घेते आणि पाणी भेगांतून खाली उतरत जातं. खाली कुठेतरी पाणी न सोडणारा थर लागतो. तिथे अडलेलं पाणी आडवं सरकत उताराच्या पायथ्याशी, जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येतं. या प्रवासाला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून पावसाळ्यात पडलेलं पाणी हिवाळ्यात झऱ्यातून मिळतं.

आता यातली एकेक गोष्ट काढून घ्या. पाचोळा जाळला किंवा गोळा करून नेला, तर पाणी मुरण्याआधीच उतारावरून पळतं. जनावरांच्या खुरांनी जमीन दाबली गेली, तरी तेच. आणि वरच्या अंगाला शे-दोनशे फुटांच्या बोअर पडल्या, तर भेगांतलं पाणी झऱ्यापर्यंत पोचण्याआधीच उपसलं जातं. कुंडाला कितीही सुंदर दगडी बांधकाम केलं, तरी पाणी येतं ते मागच्या डोंगरातून.

कोलारच्या खोऱ्याची पाहणी शास्त्रज्ञांनी फार बारकाईने केली आहे. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने युरोपातल्या संशोधकांबरोबर नर्मदेच्या उपखोऱ्यांवर पाऊस, माती आणि प्रवाह यांचं गणिती प्रारूप बसवलं, त्यात कोलारचं सतरानापर्यंतचं 820 चौरस किलोमीटरचं खोरं होतं. ते निबंध 1992 साली प्रसिद्ध झाले. जगभरच्या जलवैज्ञानिकांना कोलार हे नाव माहीत आहे ते त्या निबंधांमुळे. कोलार रोडवर मात्र ‘कोलार’ म्हटलं की घरांचे भाव आठवतात.

भोजाने अडवलेली नदी

पाण्याशी खटपट करण्याची इथली परंपरा हजार वर्षांची आहे. अकराव्या शतकात परमार राजा भोजाने दोन मोठी कामं केली. भोपाळचा वरचा तलाव त्याच्या बांधामुळे झाला असं मानतात. आणि भोजपूरजवळ, डोंगरांमधल्या खिंडी प्रचंड दगडांच्या बांधांनी बुजवून त्याने बेतवा अडवली. त्या बांधाचे चुना न वापरता रचलेले दगड आजही भोजपूरच्या अपुऱ्या राहिलेल्या शिवमंदिराजवळ दिसतात. मंदिराच्या आजूबाजूच्या कातळावर तर त्याचे आराखडेच कोरलेले आहेत: खांब, शिखर, तळाचा नकाशा. कारागिरांनी कागदाऐवजी खडक वापरला आणि इमारत पुरी झाली नाही तरी नकाशा राहिला.

भोपाळमध्ये असलेले इंग्रज अधिकारी विल्यम किनकेड यांनी 1888 साली इथली दंतकथा लिहून ठेवली. भोजाला जडलेला रोग बरा व्हायचा तर 365 झऱ्यांच्या पाण्याचा तलाव हवा होता. बेतवाच्या खोऱ्यात तेवढे झरे भरेनात. तेव्हा कालिया नावाच्या गोंड सरदाराने एक हरवलेली नदी दाखवली, तिचं पाणी वळवून आकडा पुरा झाला आणि नदीला त्याचं नाव पडलं, कलियासोत. कथा बाजूला ठेवली तरी तिच्यातली भौगोलिक खूण लक्षात घेण्यासारखी आहे. वरच्या तलावाला पाणी देणारी कोलांस नदी पूर्वी हलाली नदीकडे जायची. बांधामुळे तिचा वरचा भाग आणि तलावाचं जास्तीचं पाणी कलियासोतकडे वळलं. तलावाच्या भदभदा सांडव्याचे दरवाजे उघडले की आजही ते पाणी त्याच वाटेने बेतवाकडे निघतं.

पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने भोजपूरचा बांध फोडला. बांध फोडायला सैन्याला तीन महिने लागले, तलाव रिकामा व्हायला तीन वर्षं आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस, असं गोंड लोक सांगत. भोपाळचा तलाव मात्र टिकला. डिसेंबर 1737 मध्ये बाजीराव पेशव्यांनी निजामाला भोपाळमध्ये कोंडलं, तेव्हा निजामाने याच तलावाचा आणि तटबंदीचा आडोसा घेतला होता. पाणी होतं, पण रसद तुटली. शेवटी जानेवारी 1738 मध्ये दोराह्याला तह झाला आणि नर्मदा ते चंबळ हा मुलूख मराठ्यांकडे आला.

डोंगर ओलांडणारं पाणी

भोजाने पाणी खोऱ्यातल्या खोऱ्यात वळवलं. आपल्या काळाने ते एका खोऱ्यातून दुसऱ्यात नेलं. कोलार नदीवर धरण झालं; एक भाग नर्मदाकाठच्या शेतीला, दुसरा भोपाळच्या पिण्याला. धरणातलं पाणी पंपांनी उचलून, शुद्ध करून, मोठ्या वाहिनीतून शहरात येतं. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आढं ओलांडून उत्तरेच्या पाखावर आणलं जातं. पुढे शहर वाढलं, तेव्हा थेट नर्मदेचं पाणीही असंच चढवून भोपाळला आणण्यात आलं.

वापरून झालेलं पाणी मात्र उतारानेच जातं, आणि उतार बेतवाकडे आहे. कोलार रोड आणि शाहपुऱ्याकडचं सांडपाणी कलियासोतमध्ये, जुन्या शहराचं पात्रा नाल्यातून हलालीत, आणि दोन्ही शेवटी बेतवात. मंडीदीपची कारखानदारीही बेतवाच्या काठावरच. महाराष्ट्रात कोयनेचं पाणी वीज करून कोकणात, वाशिष्ठीत सोडलं जातं, मुळशीचं भिऱ्याला. तिथे एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्याला मिळतं. भोपाळमध्ये नर्मदेच्या खोऱ्यातून स्वच्छ पाणी घेतलं जातं आणि बेतवाच्या पदरात ते घाण होऊन पडतं. झिरीला जन्मलेली नदी पहिल्या काही मैलांतच शहराचं मैलापाणी घेऊन विदिशेच्या वाटेला लागते.

यातही कोलार रोडची एक वेगळीच कथा आहे. धरणाची जलवाहिनी याच रस्त्याने शहराकडे गेली, पण रस्त्यालगतच्या वसाहती त्या वेळी महापालिकेत नव्हत्या. कोलारला वेगळी नगरपालिका होती, ती नंतर भोपाळ महापालिकेत विलीन झाली. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ इथल्या घरांचा भरवसा बोअर आणि टँकरवर होता. पुढे केरवा धरणातून या भागासाठी वेगळी योजना आली. नाव कोलार, पाणी केरवाचं, असा हा उलटा हिशेब.

कलियासोतच्या काठांवरची बांधकामं हा इथला जुना वाद. भोपाळमध्येच खंडपीठ असलेल्या राष्ट्रीय हरित लवादाने 2014 साली नदीच्या दोन्ही काठांना 33 मीटरचा पट्टा बांधकामाविना हिरवा ठेवायचा आदेश दिला, आणि 2023 मध्ये पुन्हा त्याची आठवण करून द्यावी लागली.

वाघ, तेंदूपत्ता आणि नऊ गावं

झिरीभोवतीचं रान म्हणजे रातापानी. 1976 मध्ये अभयारण्य झालेलं हे जंगल 2 डिसेंबर 2024 रोजी व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित झालं, मध्य प्रदेशातला आठवा. एकूण क्षेत्र सुमारे 1271 चौरस किलोमीटर, त्यातलं जवळपास 764 गाभ्याचं. त्याच महिन्यात प्रकल्पाला डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांचं नाव देण्यात आलं. नीमचला जन्मलेल्या या मराठी पुरातत्त्वज्ञाने 1957 साली भोपाळ-इटारसी प्रवासात रेल्वेतून टेकडीवरचे खडक पाहिले आणि पायी जाऊन भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणली. ती 2003 पासून जागतिक वारसा आहेत. कोलार रोडच्या बाजूला कठोतियालाही अशी चित्रं असलेले शैलाश्रय आहेत. माणूस या डोंगरात हजारो वर्षं राहिला तो निवाऱ्यासाठी, आणि हाताशी झरा होता म्हणून.

इथले वाघ केरवा, कलियासोत आणि वाल्मी संस्थेच्या टेकडीपर्यंत येतात. 2022 मध्ये एक वाघ मॅनिट या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात शिरला आणि पकडावा लागला. बातम्या ‘वाघ शहरात आला’ अशा छापून येतात. नकाशा पाहिला तर शहरच रातापानीच्या काठाला जाऊन भिडलेलं दिसतं.

जंगलातल्या माणसांचं वर्ष मोहाच्या आणि तेंदूच्या हिशेबाने चालतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचायची. मे महिन्यात तेंदूपत्ता, विदर्भातल्या वाचकाला जो चांगला ओळखीचा आहे. त्यासाठी आधी उन्हाळ्याच्या तोंडाला झुडपं छाटतात, म्हणजे कोवळी, मऊ पालवी येते. पानं तोडायची सकाळी, ऊन चढायच्या आत. दुपारी घरी बसून 50-50 पानांच्या गड्ड्या बांधायच्या. संध्याकाळी फडावर नेऊन मोजून द्यायच्या आणि तिथेच उन्हात उलटवून वाळवायच्या. अशा 1000 गड्ड्यांचा एक ‘मानक बोरा’. म्हणजे 50,000 पानं, आणि मध्य प्रदेशात 2024 पासून त्याचा दर 4000 रुपये. एका पानाला आठ पैसे पडतात.

व्याघ्र प्रकल्पाच्या सीमा आखताना झिरी बहेडा, देलावाडी, जावरा मलखार, दांतखो यांसारखी नऊ महसुली गावं जंगलाच्या आत असूनही गाभ्यात न घेता बफरमध्ये ठेवली गेली. त्यांचं क्षेत्र सगळं मिळून 27 चौरस किलोमीटरही नाही. या लहानशा तुकड्यांवर शेती होणार, घरं वाढणार, बोअर पडणार की पर्यटकांसाठी रिसॉर्टं उठणार, यावर दोन खोऱ्यांच्या माथ्याचं बरंच काही ठरेल.

वरच्यांना मोबदला

अलीकडच्या वर्षांत झिरीचं कुंड उन्हाळ्याआधीच कोरडं पडल्याच्या बातम्या आल्या. जून 2024 मध्ये राज्याने ‘जल गंगा’ संवर्धन मोहीम सुरू केली ती झिरीच्या उगमावर पूजा करूनच. कुंडाची सफाई, घाट, सुशोभीकरण हे पटकन होतं आणि फोटोतही दिसतं. मागच्या डोंगरात पाणी मुरवायचं काम सावकाश चालतं, फोटोत येत नाही. त्याला उताराला आडवे चर लागतात, ओढ्यांवर लहान दगडी बांध लागतात, काही वर्षं चराई बंद ठेवावी लागते, पाचोळा जळू द्यायचा नसतो आणि उगमाच्या वरच्या अंगाला बोअरना मनाई करावी लागते. यातलं जवळपास प्रत्येक काम गावकऱ्याच्या रोजच्या जगण्याला हात घालतं. चराई सोडणाऱ्याला, बोअर न घेणाऱ्याला त्याबदल्यात काय, हा प्रश्न म्हणून टाळता येत नाही.

या प्रश्नाला लोकांनी उत्तरं शोधली आहेत. हिमाचलातल्या पालमपूर शहराने 2010 मध्ये बोहल गावाच्या वनसमितीशी करार केला: शहराला पाणी देणाऱ्या झऱ्यामागचं जंगल गाव सांभाळेल, नगर परिषद गावाला वर्षाला 10,000 रुपये देईल. रक्कम किरकोळ आहे, पण पाण्याचं मूळ सांभाळणाऱ्याला शहराने कागदावर देणं लागतो म्हणून मान्य केलं, हे मोठं. इंडोनेशियात, जावाच्या पश्चिम टोकाच्या बांतेन प्रांतात, चिदानाऊ नदीच्या खोऱ्यात हाच विचार उद्योगाने केला. चिलेगोनच्या कारखान्यांना पाणी पुरवणारी कंपनी 2005 पासून वरच्या चितामानसारख्या गावांतल्या शेतकरीगटांना हेक्टरी पैसे देऊ लागली, अट एकच, उतारावरची झाडं राखायची. करार गटाशी असल्यामुळे एकाने कुऱ्हाड चालवली तर झळ सगळ्यांना बसते, म्हणून शेजारीच राखणदार होतो. न्यूयॉर्कने 1997 मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार करून अब्जावधी डॉलरचा शुद्धीकरण प्रकल्प टाळला, ते उदाहरण तर प्रसिद्धच आहे.

भोपाळला हे जमण्यासारखं आहे, कारण पाणी घेणारा आणि पाणी राखणारा एकाच रस्त्याच्या दोन टोकांना राहतात. आज महापालिकेच्या पाणीपट्टीत पंपांची वीज आहे, वाहिन्यांची दुरुस्ती आहे, शुद्धीकरणाचं रसायन आहे. ज्या जंगलामुळे कोलारचा जलाशय भरतो आणि गाळाने लवकर बुजत नाही, त्याचा मात्र एक पैसाही नाही. डिसेंबर 2024 मध्ये खजुराहोला केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी झाली. 221 किलोमीटरचा कालवा, 44,605 कोटींचा अंदाज, आणि हेतू असा की बेतवाच्या खोऱ्याला बाहेरून पाणी मिळावं. तो प्रकल्प योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण एखाद्या नदीला दुसऱ्या नदीचं पाणी आणून देण्याआधी तिच्या स्वतःच्या माथ्यावर पडलेला पाऊस मुरवून घ्यावा, एवढं तर कोणताही शेतकरी सांगेल. त्यासाठी नऊ गावांशी नीट करार करावा लागेल, कलियासोतच्या काठावरचे 33 मीटर मोकळे करावे लागतील, आणि कोलार रोडच्या प्रत्येक पाणीबिलात दोन-चार रुपये डोंगरासाठी धरावे लागतील. यातलं काहीही तंत्रज्ञानावाचून अडलेलं नाही.